वळताना होणारी कट-कट : जुन्या गाडीचा एक्सल केव्हा बदलावा आणि कसा

ऐरोलीत राहणाऱ्या एका गाडीमालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे २०१० सालची, पुढच्या चाकांना जोर देणारी पेट्रोल हॅचबॅक आहे आणि ती १,२४,००० किलोमीटर चालली आहे. सोसायटीच्या पोडियम पार्किंगचा चढ चढताना स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवले की पुढून ठेक्यात कट-कट असा आवाज येतो. शिवाय महिनाभरापासून ठाणे-बेलापूर रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगाला ॲक्सिलरेटर दाबला की गाडी थरथरते आणि पाय काढला की थरथर थांबते. एका गॅरेजने दोन्ही एक्सल, म्हणजे गिअरबॉक्सकडून पुढच्या चाकांना जोर नेणारे दोन शाफ्ट, बदलायला सांगितले. दुसऱ्याने नवे बूट, म्हणजे एक्सलच्या सांध्यांवरची रबरी आवरणे, चढवून ग्रीस भरू, काम होईल, असे सांगितले. यांपैकी खरे कोणाचे, आणि हे काम घरच्या पार्किंगमध्ये स्वतः करता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

आपल्या गाडीत बहुधा दोन वेगवेगळे दोष आहेत आणि दोन्ही गॅरेजांनी ते एकच धरले, असे मला वाटते. एक्सलच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट, म्हणजे कोनात वळूनही एकसारख्या वेगाने फिरणारा सांधा, असतो. वळताना होणारी कट-कट बाहेरच्या, म्हणजे चाकाकडच्या जॉइंटची असते. सरळ रस्त्यावर जोर दिल्यावर येणारी आणि पाय काढताच थांबणारी थरथर बहुतेक वेळा आतल्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या जॉइंटची असते. मी वागळे इस्टेटमध्ये अठ्ठावीस वर्षे पुढच्या एक्सलची आणि सस्पेन्शनची कामे करतो. नुसत्या वयामुळे झिजून गेलेले जॉइंट माझ्याकडे थोडे येतात. बूट फाटून, ग्रीस बाहेर उडून आणि धूळ-पाणी आत शिरून गेलेले जॉइंट मात्र पुष्कळ येतात. म्हणून कोणता जॉइंट गेला हे जितके शोधावे लागते, तितकेच तो कशामुळे गेला हेही शोधावे लागते. कारण तसेच राहिले तर नवा एक्सलही दोन-तीन पावसाळ्यांत त्याच वाटेने जातो.

आधी बाहेरच्या जॉइंटकडे पाहू. त्याच्या आत घंटेच्या आकाराचा एक पोलादी कप असतो, कपाच्या आतल्या अंगाला सहा वक्र खोबणी असतात, मधोमध शाफ्टच्या टोकाला बसणारा आणि बाहेरून तशाच सहा खोबणी असलेला दुसरा तुकडा असतो, आणि या दोहोंच्या मध्ये सहा पोलादी गोळ्या एका पिंजऱ्यात धरून ठेवलेल्या असतात. इंजिनाचा सगळा जोर या सहा गोळ्यांतून चाकाकडे जातो. चाक कितीही वळले तरी पिंजरा गोळ्यांना नेहमी दोन शाफ्टमधल्या कोनाच्या बरोबर मध्यावर ठेवतो आणि त्यामुळे दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. ही रचना फोर्ड कंपनीतील अभियंता आल्फ्रेड रझेप्पा यांनी १९२० च्या दशकात केली आणि १९५९ च्या ब्रिटिश मिनीपासून ती छोट्या गाड्यांत सर्रास दिसू लागली. आपल्याकडे सामान्य माणसाच्या दारात ती डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बरोबर आली. त्याआधीच्या प्रीमियर पद्मिनी आणि ॲम्बॅसॅडर या मागच्या चाकांना जोर देणाऱ्या गाड्या होत्या आणि मागे जोर नेणाऱ्या त्यांच्या लांब प्रोपेलर शाफ्टला साधे क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखे सांधे, असत. साधा क्रॉस तीस अंशांच्या कोनात फिरवला तर दुसऱ्या बाजूचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढतो आणि दोनदा सुमारे तेरा टक्क्यांनी घटतो. पद्मिनीत कोन थोडा असे आणि दोन क्रॉस एकमेकांची चूक भरून काढत, म्हणून ते चालून जाई. वळणाऱ्या चाकाला असा जॉइंट लावला असता तर स्टिअरिंग हातात धरवले नसते.

आता आवाज का येतो ते लक्षात येईल. गाडी पुढे जाताना प्रत्येक गोळी तिच्या खोबणीच्या एकाच कडेला दाबली जाते आणि बहुतेक वेळ आपण सरळ चालत असल्यामुळे तीही खोबणीच्या एका छोट्याशा पट्ट्यातच मागे-पुढे करत राहते. १५५/८० आर १३ मापाचा टायर एका किलोमीटरला साधारण ५५० फेऱ्या घेतो, म्हणजे १,२०,००० किलोमीटरला साडेसहा कोटींहून अधिक. ग्रीस चांगले असेल तर या साडेसहा कोटी फेऱ्या जॉइंट सहज सोसतो. ग्रीस गेले आणि रस्त्यावरची बारीक वाळू आत आली की त्या पट्ट्यात खळगा पडतो. पुढे स्टिअरिंग पूर्ण वळवून जोर दिला की गोळी त्या खळग्याच्या काठावरून चढते-उतरते, आणि ती चढ-उतार म्हणजे आपली कट-कट. चाक जितके वेगाने फिरेल तितका ठेका जलद होतो. पहिल्या गिअरमध्ये छोट्या इंजिनाचा ९० न्यूटन-मीटरचा जोर गिअरमुळे वाढून प्रत्येक पुढच्या चाकाला सहाशे न्यूटन-मीटरच्या वर पोहोचतो, त्यामुळे चढावर, पहिल्या गिअरमध्ये, पूर्ण वळवलेल्या चाकावर आवाज सर्वांत आधी ऐकू येतो. घोडबंदर रस्त्यावरच्या आणि ऐरोली-घणसोलीच्या नव्या इमारतींमधले गोल वळणांचे पार्किंगचे चढ हे काम रोज दोनदा करवून घेतात. माझ्या मते आपल्या भागातील गाड्यांचे बाहेरचे जॉइंट लवकर बोलू लागण्यात या चढांचा मोठा वाटा आहे.

डावीकडे वळताना आवाज येतो म्हणजे बहुधा उजवा जॉइंट गेलेला असतो, कारण वळताना गाडीचे वजन बाहेरच्या चाकावर झुकते. तरी हा ठोकताळा आहे आणि पत्र्यातून आवाज फिरतो, त्यामुळे केवळ कानावर विसंबून भाग मागवू नये. रविवारी सकाळी मोकळी जागा पाहून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवावे, पहिल्या गिअरमध्ये हळूहळू गोल फिरावे, मग उजवीकडे, आणि मग हेच रिव्हर्समध्ये करावे. रिव्हर्समध्ये गोळ्या खोबणीच्या दुसऱ्या कडेवर दाबल्या जातात, म्हणून एकाच दिशेने जाताना आवाज येत असेल तर निदान पक्के होते. दुसऱ्या कोणाला तरी थोड्या अंतरावर उभे करून ऐकायला सांगावे. खड्ड्यात पडल्यावर येणारा ‘ठक’ हा आवाज याच्याशी संबंधित नसतो. तो स्टॅबिलायझर लिंकचा, लोअर आर्मच्या बुशचा किंवा बॉल जॉइंटचा असतो. वेगाबरोबर वाढणारी आणि गाडी एका बाजूला झुकवली की बदलणारी घुरघुर व्हील बेअरिंगची असते. या दोन आवाजांसाठी एक्सल बदलून घेतलेल्या गाड्या माझ्याकडे दरवर्षी येतात आणि त्यांच्या मालकांचे पैसे वाया गेलेले पाहून मला खरोखर वाईट वाटते.

त्यानंतर बूट पाहावेत. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून टॉर्च घेऊन चाकाच्या मागे वाकावे. बाहेरच्या बुटाच्या घड्या ताणल्या की त्यांच्या तळाशी, दोन घड्यांच्या मधल्या खोलगट भागात भेगा दिसतात. वरून पाहिले तर रबर धडधाकट वाटते, म्हणून प्रत्येक घडी अंगठ्याने उघडून, चाक थोडे थोडे फिरवून, पूर्ण गोल पाहावे लागते. फाटलेला बूट ग्रीस एकाच रेषेत उडवतो. चाकाच्या डिस्कच्या आतल्या बाजूला, लोअर आर्मवर आणि शॉकॲब्सॉर्बरच्या खालच्या भागावर काळ्या ठिपक्यांचा पट्टा दिसला की भेग कुठे आहे ते समजते. मग त्या भेगेतून थोडे ग्रीस बोटावर घेऊन अंगठा आणि तर्जनी यांत चोळावे. ते काळे, गुळगुळीत आणि चिकट लागले तर बूट नुकताच फाटला आहे आणि जॉइंट वाचू शकतो. वाळूसारखे कण लागले, किंवा उन्हात धरल्यावर त्यात चांदीसारखी बारीक चकाकी दिसली, तर ती खोबणींच्या पोलादाची भुकटी आहे आणि तो जॉइंट संपला आहे. दुधाळ चहाच्या रंगाचे पातळ ग्रीस निघाले तर आत पाणी गेले आहे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर आमच्याकडे कित्येक आठवडे पाण्यात बुडालेल्या गाड्या येत होत्या. ज्यांचे बूट अखंड होते त्यांचे जॉइंट पाण्याखाली राहूनही आतून स्वच्छ निघाले आणि ज्यांच्या बुटाला करंगळीच्या नखाएवढीच भेग होती त्यांच्यातून गंजाचा चिखल निघाला. विटावा पुलाखालच्या पाण्यातून दर पावसाळ्यात जाणाऱ्या गाड्यांना आजही हेच लागू आहे.

आता ‘नवे बूट आणि ग्रीस’ या सल्ल्याविषयी. आवाज सुरू होण्याआधी हा सल्ला उत्तम आहे, आणि बूट वेळेवर बदलणे हेच या सगळ्या प्रकरणातील सर्वांत स्वस्त काम आहे. बुटाच्या किटला काही शे रुपये पडतात, एक्सलला काही हजार. पण आपल्या गाडीत आवाज सुरू झाला आहे. खोबणीत पडलेला खळगा ग्रीसने भरत नाही. नवे, घट्ट ग्रीस भरल्यावर आवाज आठ-पंधरा दिवस दबतो, मालकाला काम झाले असे वाटते, आणि पुढच्या महिन्यात कट-कट परत येते. त्या वेळी उघडझाप करण्याची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. म्हणून कट-कट ऐकू येणाऱ्या जॉइंटवर नुसते बूट चढवायला मी नकार देतो.

जुन्या कारागिरांची एक युक्ती इथे सांगायला हवी, कारण ती खोटी नाही. ज्या गाड्यांत डावा आणि उजवा बाहेरचा जॉइंट एकसारखाच असतो, त्यांत हे दोन जॉइंट एकमेकांच्या जागी बसवले की फिरण्याची दिशा उलटते, गोळ्या खोबणीच्या न झिजलेल्या कडेवर येतात आणि आवाज जातो. मी स्वतः पूर्वी टॅक्सीवाल्यांसाठी हे काम केले आहे, आणि काही गाड्या त्यावर वर्षभरही चालल्या. मात्र पिंजरा आणि गोळ्या जुन्याच राहतात, आणि आता रिव्हर्समध्ये आवाज येऊ लागतो. थोड्या दिवसांत निकाली काढायच्या गाडीला हे ठीक आहे, पण आणखी पाच वर्षे वापरायच्या गाडीला मी ते सुचवणार नाही.

कट-कट करणारा जॉइंट लगेच तुटत नाही, काही महिने चालतो. परंतु शेवटी पिंजरा फुटतो, गोळ्या निसटतात आणि चाकाला जोर मिळणे बंद होते. त्या क्षणी डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत जोर वाटणारा गिअरसंच, सगळा जोर तुटलेल्या बाजूला वाया घालवतो, त्यामुळे एकच जॉइंट तुटला तरी गाडी जागेवर थांबते. हे पावसात पुलाच्या चढावर झाले तर मागून येणाऱ्या ट्रकचा धोका असतो. त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की, एक्सल तुटलेली गाडी गिअरमध्ये ठेवून उतारावर उभी केली तर गिअर तिला धरू शकत नाही. त्या वेळी फक्त हँडब्रेक आणि चाकाखालचा दगड कामाला येतो. त्यामुळे कट-कट सुरू झाल्यावर लोणावळ्याचा घाट टाळावा आणि काम महिन्याभरात उरकावे.

थरथरीचे दुखणे वेगळे आहे. आतल्या जॉइंटची रचना बहुतेक छोट्या गाड्यांत तीन रोलरची असते. चाक खड्ड्यात खाली-वर होताना एक्सलची लांबी थोडी कमी-जास्त व्हावी लागते आणि ती सोय हे तीन रोलर कपाच्या लांब खोबणीत आत-बाहेर सरकून करतात. त्या खोबणीत झिजून खळगे पडले की जोर दिल्यावर रोलर सहज सरकत नाहीत, अडतात, आणि गाडी आडवी हेलकावत थरथरते. जोर काढला की रोलर मोकळे होतात. टायरचा बॅलन्स बिघडला असता तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावरही त्याच वेगाला थरथर राहिली असती, आणि तोच यातला फरक आहे. तरीसुद्धा एक्सल मागवण्याआधी इंजिनाचे माउंट, म्हणजे इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार, तपासून घ्यावेत असा माझा आग्रह आहे. पंधरा वर्षांच्या गाडीत माउंटचे रबर बसते, इंजिन आणि गिअरबॉक्स काही मिलिमीटर खाली येतात, आतल्या जॉइंटचा कोन कायमचा वाढतो आणि धडधाकट जॉइंटही थरथरू लागतो. नवा एक्सल टाकूनही थरथर तशीच राहिलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत मला शेवटी फाटलेले माउंटच सापडले. बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून कोणाला तरी क्लच अलगद सोडायला सांगावे आणि स्वतः बाजूला उभे राहून इंजिन किती उचलले जाते ते पाहावे. थोडी हालचाल नैसर्गिक असते, पण इंजिन उसळून परत धाडकन बसत असेल तर माउंट आधी बदलावेत. आणखी एक गैरसमज असा की गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) असताना शाफ्ट हाताने आत-बाहेर सरकतो म्हणजे जॉइंट गेला. आतला जॉइंट सरकण्यासाठीच बनवलेला असतो, म्हणून ती हालचाल दोष नाही. शाफ्ट वर-खाली खुळखुळला, किंवा चाक घट्ट धरून शाफ्ट फिरवला असता तो मोकळा हलला, तर मात्र तो दोष आहे.

भाग घेताना चार मार्ग असतात : कंपनीचा पूर्ण एक्सल, नामांकित सुट्या भागांच्या उत्पादकाचा पूर्ण एक्सल, फक्त बाहेरच्या जॉइंटचे किट, आणि दुरुस्त केलेला किंवा जुन्या गाडीतून काढलेला एक्सल. आपल्या गाडीत एकाच बाजूचे बाहेरचा आणि आतला असे दोन्ही जॉइंट गेलेले निघाले तर त्या बाजूचा पूर्ण एक्सल घेणे सोयीचे आणि हिशेबातही बसणारे ठरते. फक्त बाहेरचा गेला असेल तर चांगल्या दर्जाचे जॉइंट किट पुरेसे आहे. दुसऱ्या बाजूचा एक्सल चांगला असेल तर ‘जोडीने बदलावे’ या म्हणण्याला एक्सलच्या बाबतीत आधार नाही. ब्रेक पॅड आणि शॉकॲब्सॉर्बर जोडीने बदलतात, एक्सल नाही. मात्र दुसऱ्या बाजूचे बूट कडक झाले असतील तर ते त्याच वेळी बदलावेत.

दुरुस्त केलेल्या एक्सलविषयी मी सावध असतो. जॉइंटच्या पोलादाचा फक्त वरचा पातळ थर कठीण केलेला असतो. खोबणी घासून मोठ्या मापाच्या गोळ्या टाकल्या की तो थर कमी होतो आणि मग झीज फार वेगाने होते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात आणि नव्या एक्सलची किंमत न परवडणाऱ्या मालकाला मी तिथला कंपनीचा जुना एक्सल नव्या बुटांसह वापरायला सुचवतो. स्वस्त, नाव नसलेल्या नव्या एक्सलपेक्षा तो अनेकदा जास्त टिकतो. मात्र तो विकत घेण्याआधी बूट काढून ग्रीस बोटावर पाहावे.

नवा भाग जुन्याशेजारी जमिनीवर ठेवून ताडून पाहिल्याशिवाय बसवू नये. लांबी, दोन्ही टोकांच्या दात्यांची संख्या, ऑइल सील बसते त्या भागाचा व्यास, आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत बाहेरच्या कपावरील दातेरी कडे, हे सगळे जुळले पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून आणलेल्या एक्सलवर या कड्याचे दाते जुन्यापेक्षा कमी होते. आम्ही मोजले नाहीत, बसवून दिला, आणि एबीएसचा दिवा लागलेली गाडी दोन दिवसांनी परत आली. तेव्हापासून आमच्याकडे खडूने एका दातावर खूण करून मोजण्याची पद्धत आहे. डावा आणि उजवा एक्सल लांबीला सारखा नसतो, हेही मागवताना सांगावे.

प्रत्यक्ष कामाचा क्रम मी सांगतो, कारण आपण स्वतः हात घालणार नसलात तरी समोर उभे राहून काय पाहायचे ते कळेल. एक्सलच्या टोकावरचा मोठा हब नट गाडी जमिनीवर असतानाच, कोणीतरी ब्रेक दाबून धरला असताना, सैल करायचा असतो. त्याआधी नटची आत ठोकलेली लॉकची कड छिन्नीने पूर्ण उघडावी, नाहीतर एक्सलचे आटे जातात. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत हा नट आणि हबमधले दाते गंजून एकजीव झालेले असतात, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवले तर सकाळचे अर्धे कष्ट वाचतात. मग गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर घ्यावी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, माझ्याकडे या नियमाला अपवाद नाही. गिअरबॉक्सचे तेल काढावे, किंवा ज्या बाजूचे काम आहे ती बाजू इतकी उंच घ्यावी की तेल सांडणार नाही. तेल जुने असेल तर काढून टाकणेच बरे.

नकल, म्हणजे चाकाचा हब धरणारा आणि स्टिअरिंगबरोबर वळणारा तुकडा, मोकळे करण्याचे दोन मार्ग आहेत. खालचा बॉल जॉइंट सोडवला तर अलाइनमेंट जवळपास तशीच राहते. शॉकॲब्सॉर्बरचे नकलवरचे दोन बोल्ट काढले तर काम सोपे होते, पण चाकाचा उभा कोन बदलू शकतो आणि नंतर अलाइनमेंट करून घ्यावीच लागते. कोणता मार्ग घेतला ते विचारून ठेवावे. एक्सल हबमधून बाहेर काढताना त्याच्या टोकावर थेट हातोडा मारू नये. जुना नट टोकाच्या पातळीला येईपर्यंत चढवून, त्यावर पितळेचा तुकडा किंवा लाकूड धरून ठोकावे, आणि तरीही हलला नाही तर पुलर लावावा. उमेदवारीच्या काळात मी अशाच घाईत एक चांगला एक्सल टोकाला चेपवला होता. त्या मालकाला नवा एक्सल घेऊन देताना जे शिकलो ते आजही शिकवतो. ब्रेक कॅलिपर काढावा लागला तर तो तारेने स्प्रिंगला टांगावा, पाइपवर लोंबकळत ठेवू नये.

आतले टोक गिअरबॉक्समध्ये एका छोट्या सर्कलिपने, म्हणजे खाचेत बसणाऱ्या तारेच्या कड्याने, धरलेले असते. दोन टॉमी (छोट्या पहारी) समोरासमोर लावून कपाला एक नेमका झटका दिला की ते सुटते. शाफ्टला धरून ओढले तर एक्सल बाहेर येत नाही, उलट आतल्या जॉइंटचे रोलर कपातून निसटतात. काही गिअरबॉक्समध्ये दोन्ही एक्सल एकाच वेळी काढले तर डिफरन्शियलचे आतले गिअर सरकून बसतात आणि मग गिअरबॉक्स उघडण्याची वेळ येते, म्हणून एका वेळी एकच बाजू करावी. एक्सल काढलेली गाडी चाक लावून ढकलतही नेऊ नये. अनेक गाड्यांत हबच्या बेअरिंगचे दोन भाग एक्सल आणि त्याच्या नटच्या दाबानेच एकत्र धरलेले असतात, त्यामुळे एक्सलशिवाय वजन पडले तर बेअरिंग खराब होते.

गिअरबॉक्सचे ऑइल सील या वेळी नवे टाकावेच. त्याची किंमत इतकी कमी आहे की जुन्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. सीलच्या ओठाला थोडे तेल लावून, नवा सर्कलिप बसवून, एक्सल सरळ रेषेत आत सरकवावा, म्हणजे दात्यांनी सील कापले जात नाही. सर्कलिप बसल्याचा टक् असा आवाज येतो. कपाला धरून ओढून तो निघत नाही याची खात्री करावी. फक्त जॉइंट किट बसवत असाल तर किटबरोबर आलेले ग्रीस, साधारण ८० ते १२० ग्रॅम, सगळे वापरावे आणि त्यातले बरेचसे गोळ्यांमध्ये दाबून भरावे. बाहेरच्या जॉइंटला मॉलिब्डेनम असलेले काळे ग्रीस लागते. चाकाच्या बेअरिंगचे किंवा चेसिसचे साधे ग्रीस चालत नाही. आतल्या रोलरच्या जॉइंटसाठी वेगळे पाकीट दिलेले असेल तर दोन्हींची अदलाबदल करू नये. आतल्या बुटाचा पट्टा आवळण्याआधी बुटाची कड किंचित उचलून अडकलेली हवा सोडावी, नाहीतर बूट फुगतो किंवा चिमटतो आणि त्याच घडीवर लवकर फाटतो. पट्टे मूळ धातूचेच असावेत. प्लास्टिकचे टाय बांधून दिलेले बूट पहिल्याच उन्हाळ्यात सुटलेले मी पाहिले आहेत.

शेवटी हब नट नेहमी नवा, आणि तो टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोरापर्यंत आवळणाऱ्या पान्याने, आवळावा. छोट्या गाड्यांत हा आकडा साधारणपणे १७० ते २५० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, पण आपल्या मॉडेलचा नेमका आकडा दुरुस्तीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. न्यूमॅटिक गनने ‘घट्ट झाला’ म्हणणे पुरेसे नाही, कारण कमी आवळला तर बेअरिंग ढिले होते आणि जास्त आवळला तर ते दाबून मरते. अंतिम आवळणी चाक जमिनीवर टेकवून करावी आणि मग नटची कड खाचेत ठोकून लॉक करावी. गिअरबॉक्समध्ये पुस्तिकेत लिहिलेल्याच दर्जाचे तेल भरण्याच्या छिद्राच्या पातळीपर्यंत भरावे. हे विसरून गाडी बाहेर काढली गेली तर एक्सलपेक्षा कितीतरी मोठा खर्च समोर येतो.

घरी करण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. टॉर्च घेऊन बूट तपासणे, ग्रीस पाहणे, माउंट तपासणे ही कामे आपण सोसायटीच्या पार्किंगमध्ये अवश्य करावीत. एक्सल काढणे तिथे करू नये. हब नट सोडवायला मीटरभर लांब दांडी आणि अंगाचा सगळा जोर लागतो, पार्किंगची फरशी गुळगुळीत आणि बहुधा उताराची असते, आणि काम अर्ध्यात अडकले तर गाडी वर सांगितलेल्या कारणामुळे ढकलून नेताही येत नाही. योग्य घोड्या, टॉर्क पाना आणि एखादा अनुभवी सोबती असेल तर गोष्ट वेगळी. सरावलेल्या कारागिराला एका बाजूचे काम दोन ते तीन तासांत होते, तेवढा वेळ गॅरेजमध्ये थांबावे आणि जुना एक्सल हातात मागून घ्यावा.

काम झाल्यावर शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा एकदा टॉर्कने तपासावेत. पाचशे किलोमीटरनंतर खाली वाकून ऑइल सीलभोवती ओल आहे का आणि बुटाच्या पट्ट्याजवळ ग्रीस उमटले आहे का ते पाहावे. पुढे वर्षातून दोनदा, मे महिन्यात पावसाच्या आधी आणि दिवाळीनंतर, चारही बूट घडी उघडून पाहायला दहा मिनिटे लागतात.

आपण आता उजव्या पुढच्या चाकापासून सुरुवात करावी. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवले की उजव्या बाजूचा बाहेरचा बूट चाकाच्या मागच्या कमानीतून सहज दिसेल. त्यात भेग आणि बोटावर चकाकी असलेले ग्रीस सापडले तर त्या बाजूचा बाहेरचा जॉइंट निश्चित बदलावा लागेल. त्याच दिवशी इंजिनाचे माउंट पाहून घ्यावेत, आणि आतल्या जॉइंटचा निर्णय एक्सल खाली उतरवून, बूट उघडून, कपाच्या खोबणीवरून नख फिरवल्यावरच घ्यावा. नख अडले तर पूर्ण एक्सल, नाही अडले तर बाहेरचे किट आणि दोन नवे बूट.